पूड मागवण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परीक्षेसाठी डोकं तल्लख व्हावं म्हणून प्रोपेंटोफायलिन या औषधाची पूड नेटवरून मागवू का, असं विचारलंस. मागवू नकोस. नुसत्या ‘नको’वर तुझं समाधान होत नाही, आणि मला ते आवडतं, म्हणून कारण लिहितो.

हे कॅफीनचं चुलत भावंड, झॅन्थीन कुळातलं. पण कॅफीन ॲडेनोसिनची, म्हणजे मेंदूत झोप आणणाऱ्या रसायनाची, जागा अडवतं. झोप उडते आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. प्रोपेंटोफायलिन मात्र ॲडेनोसिनला पेशींत परत जाऊ देत नाही. ते बाहेर साचतं आणि वाहिन्या सैलावतात. पायांच्या रक्ताभिसरणासाठी मी दुकानातून वर्षानुवर्षं दिलेल्या पेंटॉक्सिफायलिनच्या रेणूत सातव्या जागी मिथिल हा एका कार्बनचा गट असतो, याच्यात प्रोपिल, तीन कार्बनचा. फरक एवढाच. तरी स्मृतिभ्रंशावरच्या चाचण्या होऊनही हे डॉक्टरांच्या नेहमीच्या चिठ्ठीत आलं नाही. युरोपात मरगळलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांना देतात.

तुझा खरा घोळ पुढे आहे. वाहिनी रुंद, म्हणजे डोकं तल्लख, असं तू धरून चालतोयस. निरोगी मेंदूचा जो भाग काम करतो, त्याकडे रक्त आपसूक वाढतं. वजनाच्या 2 टक्के असलेला हा अवयव हृदयाने ढकललेल्या रक्तातलं 15 टक्के घेतो, तो काही उपाशी नाही. आजारी मेंदूत तर उलटंही होऊ शकतं. आमच्या जुन्या वाड्यात खालचे नळ सोडले की माडीवरची धार बारीक व्हायची. पक्षाघातात बाधित भागाच्या वाहिन्या आधीच पुरत्या उघडलेल्या असतात. औषधाने निरोगी भागातल्या उघडल्या, की रक्त तिकडे वळतं.

वाहिन्या सैलावणारं निमोडिपिन हे औषध बघ. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्यांना ते दर 4 तासांनी 60 मिलिग्रॅम, असं 21 दिवस देतात. रुग्णांना फायदा होतो, पण वाहिन्यांच्या चित्रांत फारसा फरक दिसत नाही. वाहिनी किती उघडली आणि माणूस किती सुधारला, या दोन नोंदी वेगळ्या ठेवायला शिक.

आणि परीक्षेच्या तोंडावर कॉफी एकदम सोडू नकोस. 12 ते 24 तासांत डोकं ठणकायला लागेल, कारण अडवलेलं ॲडेनोसिन मोकळं होऊन वाहिन्या रुंदावतात. ज्यासाठी तू पैसे मोजणार होतास, तेच! कप हळूहळू कमी कर.

पूड मागवून झालीच असेल, तर पाकीट न फोडता रविवारी घेऊन ये. रागावणार नाही.

तुझा,
काका