वल्हं कसं मारावं, बंधारा कुठं सोडावा: वाचकांचे प्रश्न

नदी-तलावावर कॅनो आणि कयाक चालवण्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. कॅनो म्हणजे एका पात्याच्या वल्ह्यानं चालणारी उघडी होडी. कयाकमध्ये पाय पुढं पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. खाली दोन्हींना मिळून ‘होडी’च म्हटलं आहे.

प्रश्न : आम्ही दोघं आणि आठ वर्षांचा मुलगा. यमगर्णीच्या बाजूला वेदगंगेच्या संथ पाण्यात सकाळी फिरायचं आहे. होडी कुठली घ्यावी? (निपाणी)

घरी ठेवायला जागा आणि गाडीच्या टपावर आडव्या दांड्या असतील, तर 15 ते 16 फुटांची प्लास्टिकची कॅनो घ्या. खडकावर घासली तरी ती फुटत नाही, तिघं नीट मावतात. वजन मात्र 30 ते 40 किलो भरतं, म्हणजे उचलायला दोघं हवेतच. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हवा भरायची होडी बरी. दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि तळ असे हवेचे किमान तीन वेगळे कप्पे असलेलीच घ्या, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. पोहायच्या तलावासाठी विकतात ती पातळ रबरी होडी नदीत नेऊ नका. बाभळीचा एक काटा तिला पुरतो.

हवेचा दाब कप्प्यावर छापलेला असतो. तळाचा दाब बाजूच्या नळ्यांपेक्षा बराच जास्त असू शकतो, म्हणून प्रत्येक कप्प्याचा आकडा वेगळा वाचा आणि होडीबरोबर आलेल्या पंपानंच भरा. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर क्षणात शिवण उसवतो. काठावर भरलेली हवा पाण्यात गेल्यावर गार होऊन आकसते, म्हणून दहा मिनिटांनी दाब पुन्हा बघून थोडी हवा भरावी लागते. उलट एप्रिलच्या उन्हात भरलेली होडी काठावर ठेवून जेवायला बसलात, तर दाब वाढून शिवण सुटते. तेव्हा होडी सावलीला ओढा, नाहीतर थोडी हवा सोडा.

होडीच्या किमतीत काटकसर करा, लाइफ जॅकेटमध्ये नको. मुलाचं जॅकेट वयावरून घेऊ नका, आतल्या पट्टीवर छापलेल्या वजनावरून घ्या. त्याला दोन पायांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागं कॉलर हवी. सगळे पट्टे आवळून जॅकेट खांद्याला धरून वर उचला. ते कानापर्यंत सरकलं किंवा हनुवटी आत गेली तर माप मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट पाण्यात अंगातून निघून जातं.

प्रश्न : सदलग्याजवळ दूधगंगेत कॅनो शिकतोय. उजवीकडं वल्हं मारलं की होडी डावीकडं वळते, सरळ जातच नाही. अर्ध्या तासात खांदेही भरून येतात. (चिकोडी)

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे. वल्हं होडीपासून लांब, तिरपं आणि फार मागपर्यंत ओढलं जातंय. असं वल्हं होडीला पुढं कमी नेतं आणि फिरवतं जास्त.

आधी वल्ह्याची लांबी तपासा. सपाट खुर्चीवर ताठ बसा, वल्ह्याची वरची मूठ खुर्चीवर टेकवून वल्हं उलटं उभं धरा. दांडा संपून पातं जिथं सुरू होतं, ती जागा हनुवटी ते नाकाच्या दरम्यान यायला हवी. बहुतेक मोठ्या माणसांना एकूण 54 ते 58 इंचांचं वल्हं बसतं. फार लांब असेल तर वरचा हात डोक्यावर जातो आणि खांदा दुखतो.

आता फटका, म्हणजे वल्ह्याची एक ओढ. वरच्या हाताची मूठ होडीच्या काठाबाहेर, पाण्यावर आणा, म्हणजे दांडा आपोआप उभा होतो. कमरेतून वळून खांदा पुढं न्या, पातं पावलांच्या रेषेत पूर्ण बुडवा आणि मगच जोर लावा. जोर पाठ-पोटाचा, हात जवळजवळ सरळ. पातं कमरेशी आलं की थांबा. त्याच्या मागं ओढलेलं वल्हं पाणी फक्त वर उपसतं आणि होडीचं शेपूट दाबतं.

एवढं करूनही मागच्या माणसाच्या फटक्यानं होडी थोडी वळणारच. ती सावरायला फटक्याच्या शेवटी वरच्या हाताचा अंगठा खाली पाण्याकडं फिरवा. पातं होडीला समांतर उभं राहतं. मग ते होडीपासून बाहेरच्या बाजूला हलकं ढकला. वरून पाहिलं तर पात्याची वाट इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी दिसते, म्हणून याला जे-स्ट्रोक म्हणतात. अंगठा वर फिरवला तरी होडी वळते, पण पातं ब्रेकसारखं अडतं आणि मनगट आखडतं. नवशिक्यांची हमखास चूक हीच.

होडीत एकटेच असाल तर मागच्या बाकावर बसू नका. नाक वर उचललं जातं आणि वारा ते कुठंही नेतो. दोन्ही टोकं सारखी असलेल्या कॅनोत पुढच्या बाकावर उलटं, म्हणजे मागच्या टोकाकडं तोंड करून बसा. वजन मध्याजवळ येतं. गुडघे तळाशी टेकून बसलात तर आणखी उत्तम. लयीत चाललेली कॅनो आवाज न करता सरकते, आणि त्या शांततेत किनाऱ्यावरचा खंड्या उडून न जाता बसून राहतो. हे सुख फटक्यावर हात बसल्याशिवाय मिळत नाही, म्हणून पहिले आठ-दहा दिवस फक्त सरळ रेषेवर घालवा.

प्रश्न : हिरण्यकेशीवर थोड्या थोड्या अंतरानं बंधारे आहेत. पाणी कमी वाहत असताना होडी त्यावरून किंवा गाळ्यातून काढता येते का? (संकेश्वर)

नाही. पाणी किती का कमी असेना, नाही. या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आपल्याकडचे बहुतेक बंधारे कोल्हापुरी पद्धतीचे. दगडी खांब, मध्ये साधारण दोन मीटरचे गाळे, म्हणजे मोकळ्या जागा, आणि गाळ्यात बसवलेले बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा ओसरला की बर्गे घालतात, पुढच्या पावसाआधी काढतात. बर्गे घातल्यावर बंधाऱ्यामागं जे लांब, संथ पाणी साठतं ते शिकण्यासाठी आपल्या भागातलं सर्वांत चांगलं पाणी. धोका त्याच्या खालच्या टोकाला असतो.

बंधारा भरून पाणी वरून सांडू लागलं की ते पायथ्याशी तळापर्यंत जातं, थोडं पुढं वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडं परततं. या उलट्या ओढीत सापडलेलं लाकूड तासन् तास तिथंच गरगरतं. माणसाचंही तेच होतं. शिवाय त्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्यामुळं जॅकेटही नेहमीइतकं उचलत नाही. सांडवा फूटभर उंचीचा दिसला तरी हे घडतं.

अर्धे बर्गे काढलेले असतील तर धोका वेगळा. सगळी नदी उघड्या गाळ्यांकडं ओढली जाते. सोळा फुटांची होडी जरा आडवी झाली की तिची दोन टोकं दोन खांबांना अडकतात, मधे पाणी भरतं आणि ती खांबांभोवती वाकते. पाण्यानं भरलेल्या कॅनोचं वजन अर्ध्या टनावर जातं. ते हातानं हलत नाही. गाळ्यात खाली राहिलेले एक-दोन बर्गे वरून दिसत नाहीत, हे आणखी.

वरच्या बाजूनं येताना बंधारा नीट दिसत नाही. पाण्याच्या कडेला एक सरळ आडवी रेघ आणि पलीकडं झाडांचे फक्त शेंडे दिसले, की ओळखा. आवाजाची वाट बघू नका, वारा उलटा असला तर तो येत नाही. किमान 100 मीटर आधी काठ धरा. आधी सामान उतरवा, मग होडी दोघांनी उचलून पायवाटेनं खाली न्या. पुन्हा पाण्यात उतरायची जागा अशी निवडा की तिथं पृष्ठभागावरचा फेस आणि पानं खाली वाहत आहेत, वर परतत नाहीत.

आणि होडी खांबावर आडवी जाऊ लागलीच, तर अंग खांबाच्या बाजूला झुकवा. माणूस घाबरून उलट बाजूला, येणाऱ्या पाण्याकडं कलतो. तिकडचा काठ बुडतो आणि होडी तिथंच भरते.

प्रश्न : काठावरच्या मोटारींचा काही त्रास होतो का? (हुक्केरी तालुका)

होतो. शेतीच्या मोटारींच्या केबली कधी कधी पाण्यातून किंवा ओल्या मळीतून गेलेल्या असतात आणि जोड उघडे असतात. उतरताना आधार म्हणून पाइप, तार किंवा तरंगत्या पंपाचा सांगाडा धरू नका. पाण्यात हातापायाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर काठाकडं न जाता आलात त्याच बाजूला मागं फिरा आणि ओरडून वीज बंद करायला सांगा. दुसऱ्यानं मदतीला उडी मारायची नाही. जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या, तोंडापासूनही लांबूनच जा.

प्रश्न : मलप्रभेवर खानापूरच्या वरच्या अंगाला कधी जावं? जुलैत पाणी भरपूर असतं. (खानापूर)

जुलै सोडा. उगम कणकुंबीला, घाटमाथ्याच्या धो धो पावसात. खानापुरात ऊन पडलेलं असताना वरच्या पावसाचं पाणी काही तासांत येतं. पाणी गढूळ होऊन त्यावर काटक्या, पालापाचोळा आणि फेस वाहू लागला की नदी चढते आहे असं समजा आणि बाहेर या. पुराच्या पाण्यात काठची झुडपं बुडतात. त्यांतून पाणी पलीकडं जातं, माणूस अडकतो.

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचे दिवस उत्तम. पाणी निवळलेलं असतं, खडक दिसतात, दिवसा ऊन सोसवतं. फेब्रुवारीनंतर वरच्या भागात होडी चालवण्यापेक्षा ओढावीच जास्त लागते. तेव्हा बंधाऱ्यामागचं पाणी बघा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय होडी उतरवू नका. खळाळत्या पाण्याचीच हौस असेल तर काळी नदीवर गणेशगुडीला अनुभवी चालकांबरोबर राफ्टमधून जा. तिथलं पाणी सुपा धरणातून सोडण्यावर अवलंबून असतं, त्यामुळं वेळ तेच सांगतील.

प्रश्न : हिडकलच्या जलाशयात सकाळी छान वाटतं, परतताना वाऱ्यानं दमछाक होते. (बेळगाव)

क्रम उलटा करा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, परतताना वारा पाठीशी घ्या. उजाडताच निघा आणि साडेनऊच्या आत काठाला लागा. उन्हाळ्यात दुपारी वारा वाढतो, आणि मोकळ्या पाण्यावर तो जितका लांबून येतो तितकी लाट मोठी होते. म्हणून ज्या काठाकडून वारा येतो, त्याच काठाच्या आडोशानं, पोहून गाठता येईल इतक्या अंतरावरून चाला. वाऱ्याविरुद्ध जाताना सामान थोडं पुढं सरकवा, वाऱ्याबरोबर येताना थोडं मागं. हलकं टोक वाऱ्याबरोबर खाली ढकललं जातं, एवढंच त्यामागचं कारण. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ढग काळे होऊन गार झोत आला की वळीव पाठोपाठ येतो. त्या झोताच्या वेळी तुम्ही काठावर असायला हवं.

जलाशयात होडी घालण्याआधी धरणाच्या कार्यालयातून परवानगी घ्या. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगावच्या नळांना जातं. तिथं हौसेखातर होडी नकोच.

प्रश्न : पुरात काहिलीतून माणसं नेतात, मग मुलांना कृष्णेत काहिलीतून फिरवलं तर? (अथणी)

नको. काहील म्हणजे गूळ करायची मोठी लोखंडी कढई. पाणी आत शिरलं की ती तरंगत नाही, थेट तळाला जाते. गोल तळामुळं ती सरळही चालत नाही. पुरात ती नाइलाजानं, जाणत्या हातांनी वापरली जाते. शिवाय कृष्णेत मगरी आहेत. हिवाळ्यात त्या सकाळी काठावर उन्हाला येतात, आणि उन्हाळ्यात मादी काठच्या घरट्याची राखण करते तेव्हा जवळ आलेल्याला सोडत नाही. मगर दिसल्याचं गावकरी सांगतात त्या टप्प्यात मुलांना घेऊन जाऊच नका.

प्रश्न : होडी उलटली तर पहिलं काय करायचं? (निपाणी)

होडीला धरून राहा, ती तरंगते. वाहत्या पाण्यात तिच्या वरच्या अंगाला या, म्हणजे ती आणि खडक यांच्यामध्ये तुम्ही चेंगरणार नाही. पुढं बंधारा किंवा पडलेलं झाड दिसलं तर होडी सोडून काठाकडं पोहा. ओढीचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि पाणी अंगाला खाली दाबतं. पाठीवर तरंगा, पावलं पुढं आणि पृष्ठभागाजवळ ठेवा. संथ पाण्यात दुसरी होडी जवळ असेल तर उलटलेल्या होडीचं टोक तिच्यावर आडवं ओढून घ्या, पाणी गळू द्या, मग सरळ करून पाण्यात सोडा. दुसऱ्या होडीनं बाजूला धरून ठेवलं की मधोमध पोटावर झोपून आत यायचं. हे जून उजाडायच्या आत कमरेएवढ्या पाण्यात सगळ्यांनी करून बघा. जवळ 15 मीटर तरंगणारी दोरी आणि प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी असावी. दोरी कुणीही स्वतःच्या अंगाला बांधू नये.

प्रश्न : पावसाळाभर हवेची होडी कशी ठेवावी? (खानापूर)

जलपर्णीचे तुकडे काढून गोड्या पाण्यानं धुवा, तोट्या उघड्या ठेवून सावलीत पूर्ण वाळवा. शिवणीत ओल राहिली तर बुरशी धरते. घडी सैल घाला आणि पिशवी जमिनीवर न ठेवता छताला टांगा. उंदीर घडीच्या आतल्या कोपऱ्यातच कुरतडतात आणि तिथलं ठिगळ टिकत नाही.