देवळे पाडणाऱ्यांच्या संघातून मराठी पुराण कसे आले?

प्रश्न : ज्या जेझुइट पाद्र्यांच्या काळात गोव्याच्या सासष्टी तालुक्यातली देवळे पाडली गेली आणि आमच्या कुलदैवताला नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात, यावे लागले, त्यांच्यापैकीच एकाने मराठीत ओवीबद्ध पुराण रचले, हे कोडे सुटत नाही. – एक वाचक, फोंडा

उत्तर : जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाला 1540 मध्ये पोपची मान्यता मिळाली आणि 6 मे 1542 रोजी या संघाचे फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेज पुढे या संघाकडे आले. 1556 मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथेच आला. सासष्टीत धर्मप्रसाराचे काम जेझुइटांकडे होते आणि 1567 च्या सुमारास तेथील देवळे पडली तेव्हा हे पाद्री नुसते बघे नव्हते, हे आधी मान्य करायला हवे.

मात्र देवळे पाडली तरी पुराण ऐकण्याची गोडी गेली नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ती नेमकी ओळखली. त्यांच्या ‘क्रिस्तपुराण’ या ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती पाद्रीला विनवतो, की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही द्या. स्टीफन्स यांनी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे लिहिली ती कोकणीत, कारण घरात तीच बोलली जाई. पुराण मात्र मराठीत, कारण गोमंतकात पोथी आणि कीर्तन यांची भाषा मराठीच होती. म्हणून 1616 मध्ये राशोल येथे छापलेल्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्ती स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलेले आढळते. धर्म बदलला, पण ऐकणाऱ्याचा कान तोच राहिला, असे मला वाटते.

हे मराठी पुराण छापले गेले ते रोमी लिपीत. देशी लिपीत पुस्तके छापावीत अशी इच्छा स्टीफन्स यांनी 1608 च्या पत्रात वरिष्ठांना कळवली होती, पण युरोपात अक्षरे ओतायला चोवीस साचे पुरतात तिथे या लिपीला सहाशे लागतील, ही अडचण त्याच पत्रात नमूद आहे. ते खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, काही पडले नाहीत.

पुढे 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणीच्या वापरावरच बंदीचे फर्मान काढले आणि 1759 मध्ये पोर्तुगालने खुद्द जेझुइटांनाच हद्दपार केले. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखित नकलांमुळे, आणि त्यांपैकी लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडलेली पोथी देवनागरीत आहे.