देवघरातली चार कुत्री

लाडक्या चिनू,

तुझा व्हॉइस मेसेज मी ट्रेनमध्ये ऐकला. गल्लीतलं कुत्रं पायरी चढलं की आजी 'हाड्, हाड्' करून त्याला पिटाळते आणि देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत त्यांना मात्र रोज फूल वाहते, हे कसं काय, असं तू विचारलंस. शिवाय आजोबांनी तुला गोदाघाटावरच्या एकमुखी दत्ताला नेलं, तिथे तोंड एकच. मग खरा दत्त कोणता?

आधी तसबिरीसमोर उभा राहा आणि दत्ताची तिन्ही तोंडं तळहाताने झाकून फक्त हात बघ. वरच्या दोन हातांत शंख आणि चक्र, म्हणजे विष्णू. मधल्या दोहोंत डमरू आणि त्रिशूळ, म्हणजे शंकर. खालच्या दोहोंत जपमाळ आणि कमंडलू, म्हणजे ब्रह्मदेव. असली चित्रं हातांपासून वाचायची असतात. तोंडं सगळी सारखीच गोरीगोमटी काढलेली असतात, त्यावरून काही कळत नाही.

मागचं झाड उंबराचं, म्हणजे औदुंबर. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची आग होऊ लागली, ती उंबराच्या फळांत नखं रोवल्यावर शमली, अशी गोष्ट आहे. गाय म्हणजे पृथ्वी. काखेत झोळी, कारण हा देव मागून खातो. आंघोळ काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि झोप माहूरला, असा त्याचा रोजचा दिनक्रम सांगतात. (तुला शाळेची बस गाठायला जमत नाही!)

आता कुत्री. ती चार आहेत, कारण वेद चार: ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद, अथर्ववेद. आजीला विचारलंस तर ती एवढंच सांगेल, आणि ते बरोबरच आहे. पण वेद दाखवायला चित्रकाराला चार पोथ्या काढता आल्या असत्या, चार दाढीवाले ऋषी काढता आले असते. कुत्रीच का? मला वाटतं, गंमत तिथेच आहे. वेद म्हणजे सोवळ्यातली गोष्ट, शतकानुशतकं मोजक्याच कानांवर पडलेली. ते इथे एका गोसाव्याच्या पायाशी शेपूट हलवत बसलेत. ज्याला सगळं कळलं त्याला ग्रंथामागे धावावं लागत नाही, ग्रंथच त्याच्या मागे येतात, असा मी त्याचा अर्थ लावतो. आजीला हा अर्थ पटेलच असं नाही.

एकनाथांची एक कथा तर याहून धीट आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर असायचे. तिथे दत्त आले ते फकिराच्या, मलंगाच्या वेशात, बरोबर एक कुत्री. तिचंच दूध काढून दोघं जेवले आणि नाथ बघतच राहिले. देव आपल्याला हवा तसा नटून येत नाही, हे आपल्या संतांना पक्कं ठाऊक होतं. खंडोबाच्या चित्रातही घोड्याबरोबर कुत्रं असतंच, जेजुरीला गेलास की बघ.

मग आजी 'हाड्' का करते? कारण ती तेव्हा सोवळ्यात असते आणि कुत्रं नैवेद्यात तोंड घालेल ही तिची भीती. आपल्या इथल्या शेजारणीचा कुत्रा सोफ्यावर झोपतो, म्हणून तुला ते कठोर वाटलं असेल. पण रात्री जेवणं आटोपल्यावर मागच्या दारी जाऊन थांब. उरलेली पोळी कुणाला मिळते ते दिसेल. आजी जे करते आणि जे बोलते, त्यांचा मेळ मीही अजून पुरता लावू शकलेलो नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही खरे. भागवतात अत्री आणि अनसूया यांना तीन मुलगे होतात: ब्रह्मदेवाच्या अंशाचा सोम म्हणजे चंद्र, विष्णूच्या अंशाचा दत्त आणि शंकराच्या अंशाचे दुर्वास. तिथला दत्त तिघांतला एक, त्याला तीन तोंडं कशाला लागतील? पुढे महाराष्ट्रात तिघांना एकाच देहात पाहण्याची रीत रुजली. आपण गुरुवारी म्हणतो त्या आरतीत, जी एकनाथांची, दत्ताला 'त्रैमूर्ती'च म्हटलंय. आणि ते रूप भिंतीभिंतीवर पोचलं ते छापखान्यांमुळे. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडांवर चित्र उतरवून, एकेक रंग वेगळा चढवत देवांच्या तसबिरी छापत. देवळात जाऊन लांबून पाहायचा देव अशा छापील चित्रांमुळे चार पैशांत घरी आला. घाटावरचा एकमुखी त्यामानाने जुन्या वळणाचा.

तोंडं मोजायचीच असतील तर रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती राहिलाय. त्याचा उपयोग मात्र नाशिककर वेगळाच करतात. गोदेला पूर आला की पाणी किती चढलं ते कुणी फुटांत सांगत नाही, मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असंच बोलतात. यंदा पूर आला तर आजोबांबरोबर लांबूनच बघायचं, घाटावर उतरायचं नाही.

रविवारी त्र्यंबकेश्वरला जाणार आहात ना? तिथल्या पिंडीत वर आलेलं लिंग नाही, खळगा आहे, आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं: ब्रह्मा, विष्णू, महेश. तोंडं नाहीत आणि तू आता शिकलास ते हातही नाहीत. कुठलं कुणाचं ते कसं ओळखलंस, मला फोन करून सांग.

तुझा,
बाबा