टर्बो नवा टाकला तरी निळा धूर का येतो?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात पेट्रोल गाडीला बाहेरून टर्बो बसवून घेतला, पोवई नाक्यावर गाडी थोडा वेळ उभी राहिली की निळा धूर सुटतो, सील गेलं म्हणून दुसरा टर्बो टाकला आणि धूर तसाच आहे. माझं कुपवाडला इंजिनकाम चालतं. अशी गाडी आली की मी आधी खाली वाकून ऑइलची परतीची लाइन बघतो.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. त्यात ऑइल प्रेशरने जातं, पण बाहेर पडतं ते निव्वळ स्वतःच्या वजनाने. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्यामुळे बेअरिंगमधून उतरणारं ऑइल घुसळलेल्या ताकासारखं फेसाळलेलं असतं. फेसाला जागा लागते, म्हणून ऑइल आत नेणारी फीडची नळी बारीक चालते, परतीची मात्र आतून 14 ते 16 मिमी हवीच. टर्बोचं सील रबरी नसतं. पिस्टन रिंगसारखी छोटी धातूची रिंग असते ती. हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या मधल्या खोक्यात, ऑइल तुंबलं की रिंग ते अडवू शकत नाही, टर्बो कितीही नवा असो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन हळू चालू असताना, टर्बाइनमध्ये (एक्झॉस्टने फिरणाऱ्या बाजूला) दाब कमी असतो, म्हणून धूर उभ्या गाडीतच जास्त दिसतो.

आधी एक खात्री करा. इंजिन थंड असताना टर्बो उतरवून, तो जिथे बसतो त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तोंडात बोट फिरवा. तिथेच ओलं ऑइल लागलं तर दोष इंजिनात आहे, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा बघा. मॅनिफोल्ड कोरडा आणि टर्बाइनचं बाहेरचं तोंड ओलं असेल, तर परतीची लाइन दोषी धरा.

लाइन टर्बोपासून चेंबरपर्यंत (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) सतत उतरती पाहिजे, उभ्या रेषेपासून साधारण 35 अंशांच्या आत. मध्ये झोळ नको, काटकोनी बेंड नको. टर्बोचं ड्रेनचं तोंड तिरकं असेल तर मधलं हाउसिंग सैल करून ते खाली फिरवून घ्या. चेंबरला जोड ऑइलच्या पातळीच्या वर द्या. पुष्कळ ठिकाणी सोय म्हणून तो खाली देतात, मग परतीचं ऑइल चेंबरमधल्या ऑइलवर अडून राहतं. फिरणारा क्रँक ऑइल उडवतो, त्या फेकीसमोरही तो जोड नको. टर्बोच इतका खाली बसला असेल की उतार मिळत नाही, तर ऑइल ओढून परत पाठवणाऱ्या स्कॅव्हेंज पंपाशिवाय इलाज नाही.

लाइन नीट निघाली तर ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी, तपासा. चेंबरमध्ये ब्लो-बायचा, म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटणाऱ्या वायूचा, दाब साठला की ऑइल खाली उतरूच शकत नाही. आयडलला ऑइलचं झाकण काढल्यावर धूर कमी झाला, तर हेच कारण समजा.

परतीच्या लाइनच्या फ्लँजला (बोल्टने जोडायच्या पट्टीला) सिलिकॉन लावू नका, ते आत फुगून भोक अर्धं बुजवतं. कागदी किंवा धातूचं गॅस्केट घाला, आणि त्याचं भोक पाइपापेक्षा लहान नाही ना, तेही बघा. होज ऑइलला टिकणाराच घ्या. कूलंटचा होज ऑइलने फुगून मऊ पडतो. चेंबरला नवा बंग (नळी जोडायचा आट्यांचा तुकडा) वेल्ड करायचा असेल तर चेंबर उतरवूनच करा, वरच्या वर ड्रिल मारलं तर कीस थेट ऑइलमध्ये पडतो.