परदेशातील नोकरी आणि पाचारण: मस्कतहून आलेल्या एका प्रश्नाला उत्तर

प्रिय बंधू, सलाम.

तुमचा प्रश्न मी जसा समजलो आहे तो आधी मांडतो. नागपूर सोडताना चर्चच्या मंडळीने तुमच्यासाठी प्रार्थना केली, ‘प्रभू तुला तिथे वापरील’ असे वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि तुम्हीही ते शब्द देवाचे पाचारण, म्हणजे बोलावणे, म्हणून मनापासून धरले. प्रत्यक्षात मस्कतला एसी दुरुस्तीची ड्यूटी, कॅम्पमधील खोली, फोन आणि झोप यांपलीकडे काही घडत नाही. उघडपणे सुवार्ता सांगण्यास तिथला कायदा परवानगी देत नाही, रविवारी कामावर जावे लागते, आणि त्यामुळे आपल्या हातून ना देवाची सेवा होते ना आईवडिलांची, अशी तुमची खंत आहे. करार संपत आला आहे, तेव्हा परत यावे की थांबावे हेही तुम्ही विचारले आहे. मी मस्कतमधील एका रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात बरीच वर्षे नोकरी करून आता नागपूरला स्थायिक झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रात नोकरी एका बाजूला आहे आणि सेवा दुसऱ्या बाजूला. नोकरी ही जणू सेवेची संधी मिळावी म्हणून भरायची किंमत आहे, आणि किंमत भरूनही संधी मिळत नाही, असा त्याचा सूर आहे. मला वाटते, दुःखाचे मूळ या वाटणीतच आहे. ज्या कामात तुमच्या दिवसाचे दहा तास जातात ते देवाच्या दृष्टीने मोकळे, रिकामे आहे असे एकदा मानले की उरलेल्या थकलेल्या दोन तासांवर साऱ्या आयुष्याच्या अर्थाचा भार येतो, आणि तो भार कोणत्याही माणसाला पेलवत नाही.

माझ्या विभागात शस्त्रक्रियेची वापरलेली हत्यारे येत. ती धुवायची, प्रत्येक चिमट्याचा सांधा उघडून पाहायचा, सेट लावायचा, गुंडाळायचा आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, ठेवायचा. वाफेचे तापमान 121 अंश असेल तर किमान 15 मिनिटे आणि 134 अंश असेल तर किमान 3 मिनिटे ते टिकावे लागते. पाकिटावरच्या टेपवर काळ्या रेघा उमटतात, पण त्या रेघा फक्त पाकीट वाफेतून गेले एवढेच सांगतात, आतले सर्व जंतू मेले याची हमी देत नाहीत. त्यासाठी जिवाणूंचे बीजाणू ठेवून वेगळी चाचणी करावी लागते. हे सारे तळमजल्यावर चाले. ज्याच्या पोटावर ते पाकीट उघडले जाई तो रुग्ण गुंगीत असे, आणि शुद्धीवर आल्यावर तो डॉक्टरांचे आभार मानी, परिचारिकांचे मानी. आमचा विभाग अस्तित्वात आहे हेही त्याला ठाऊक नसे. तिथे मी एक सवय लावून घेतली. सेट बांधून झाला की हात त्यावर क्षणभर ठेवायचा आणि उद्या ज्याला याची गरज पडेल, मग तो ओमानी असो, बलुची असो वा केरळचा कामगार असो, त्याच्यासाठी एक वाक्याची प्रार्थना करायची. या सवयीने कामाचा वेग कमी झाला नाही, पण कंटाळलेल्या दिवशीही सांधा उघडून न पाहता चिमटा पुढे सरकवणे मला अशक्य झाले. प्रार्थनेने काम पवित्र झाले असे मी म्हणत नाही. ते आधीपासूनच एका माणसाच्या जिवासाठी चाललेले काम होते. प्रार्थनेमुळे त्या माणसाचे भान मला राहू लागले.

तुमच्या हातातले काम याहून वेगळे नाही. मस्कतच्या जूनमध्ये पारा 40 अंशांच्या वर असताना ज्या घरात तान्हे बाळ आहे किंवा अंथरुणाला खिळलेली आजी आहे, त्या घरातील एसी बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते. तिथे गेल्यावर गळती न शोधता नुसता गॅस भरून निघता येते. ग्राहकाला त्या दिवशी थंड हवा मिळते, तुमची तक्रार बंद होते आणि महिन्याभरात तोच फोन पुन्हा येतो. किंवा गळती शोधून, ब्रेझिंग करून (धातू वितळवून ती बुजवून), मगच गॅस भरता येतो. सुपरवायझरला दोन्हींतला फरक कदाचित दिसणारही नाही. ख्रिस्ती माणसाची साक्ष अशा ठिकाणी ठरते असे माझे ठाम मत आहे, आणि या साक्षीला कोणत्याही देशाचा कायदा आड येत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. बायबलमधील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असा जो उपदेश आहे तो मूळ दासांना उद्देशून आहे, आणि चौथ्या अध्यायाच्या आरंभीच धन्यांना न्यायाने व समतेने वागण्याची ताकीद दिलेली आहे. पहिला भाग ऐकवून दुसरा गाळणारी माणसे मला मंडळीतही भेटली आहेत. मजुरी थकली, पासपोर्ट काढून घेतला गेला, किंवा जून ते ऑगस्ट या काळात दुपारी 12:30 ते 3:30 उघड्यावर काम न करवण्याचा ओमानचा नियम मोडून कोणी तुम्हाला छतावर चढवले, तर मुकाट्याने सोसणे ही भक्ती नव्हे. श्रम मंत्रालयाकडे तक्रार करा, भारतीय दूतावासात जा, परदेशातील भारतीयांच्या तक्रारींसाठी असलेल्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा. तुमच्याबरोबर सोसणाऱ्या सहकाऱ्यांचेही त्यात हित आहे.

प्रेषित पौलाचे उदाहरण तुम्हाला पाठ असेल, तरी त्याचा एक तपशील सहसा उपदेशात येत नाही. करिंथमध्ये तो ज्यांच्याकडे राहून तंबू शिवत होता ते अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला स्वतः विस्थापित होते. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोम सोडण्याची आज्ञा दिल्यामुळे ते तिथे आले होते. म्हणजे परक्या शहरात पोट भरणाऱ्या तीन माणसांचे ते घर होते, आणि त्यांना जोडणारा धागा व्यवसायाचा होता. पौल तिथे दीड वर्ष राहिला. त्या दीड वर्षातल्या बहुतेक दिवसांची काहीच नोंद नाही. कापड, सुई, गिऱ्हाईक, थकवा असेच ते दिवस गेले असणार, आणि ते वाया गेले असे कोणी म्हणत नाही. त्याच्याही आधी यिर्मयाने बाबेलच्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे: घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. पत्र वाचणाऱ्यांना उद्याच घरी जायचे होते, आणि संदेष्टा त्यांना झाडे लावायला सांगत होता.

आपल्या नागपुरात याचे एक उदाहरण आहे, फक्त दिशा उलटी आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप 1845 साली स्कॉटलंडहून इथे आले तेव्हा नागपूर भोसल्यांचे राज्य होते. ते सुवार्तेसाठी आले, शाळा चालवली, मराठी शिकले. पण सुवार्तेचे काम चालू असताना त्यांनी आजूबाजूची जमीन, माणसे आणि भाषा यांकडे जे लक्ष दिले ते विलक्षण आहे. टाकळीजवळच्या खडकांतील गोड्या पाण्यातले जीवाश्म त्यांनी गोळा केले, गोंडांच्या भाषेची आणि गीतांची टिपणे ठेवली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर 20 वर्षांनी सुरू झाले. मिशनरी म्हणून त्यांचे मोजमाप कोणी कसेही करो, मला त्यांच्यातील एक गोष्ट अनुकरणीय वाटते: ज्या भूमीवर राहायचे तिची त्यांनी आस्थेने ओळख करून घेतली. तुम्ही मस्कतला दोन वर्षे आहात. अरबीत रुग्णाची, मुलांची, गावाची विचारपूस करता येईल एवढी भाषा शिकला आहात का? ग्राहकाने कहवा आणि खजूर पुढे केले तर वेळ नाही म्हणून निघता, की पाच मिनिटे बसता? रमजानमध्ये खोलीतील मुस्लिम सोबत्याच्या उपवासाची तुम्हाला आठवण असते का? परक्या मातीत अर्थ सापडण्याची सुरुवात माझ्या अनुभवात इथून झाली.

उपासनेविषयी बोलायचे तर रविवारचा हट्ट सोडा. शुक्रवार सुट्टीचा आहे, आणि मस्कतच्या रुवी व घाला या भागांत सरकारने दिलेल्या आवारांत त्या दिवशी अनेक भाषांत उपासना होतात. कॅम्पच्या खोलीत मोठी सभा भरवण्याचे धाडस करू नका. सामूहिक उपासना त्या आवारातच करावी अशी तिथली व्यवस्था आहे आणि तुमच्या उत्साहाची किंमत इतरांना मोजावी लागू नये. हिंदी उपासनेला जात राहा, आणि नुसते ऐकून येऊ नका. खुर्च्या लावण्याचे, नवीन आलेल्या मुलाला सिम कार्ड आणि बससेवा समजावून सांगण्याचे काम मागून घ्या. रविवारी मात्र एक गोष्ट करता येईल. मस्कतचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून नागपुरात साडेआठच्या उपासनेचे पहिले गीत सुरू होते तेव्हा तिकडे सात वाजलेले असतात आणि तुम्ही कंपनीच्या बसमध्ये असता. गीतांचे पुस्तक बरोबर ठेवा, तेच गीत कोणते हे आदल्या रात्री घरून विचारून घ्या आणि मनात म्हणा. आईला ही गोष्ट सांगा. घरच्यांशी फोनवर फक्त पैशांचे आणि तब्येतीचे बोलणे होते असे तुम्ही लिहिले आहे. आज कोणाच्या घरी कोणते यंत्र कसे सुरू झाले हे त्यांना ऐकवा. मुलगा तिकडे नेमके काय करतो हे बहुतेक आईवडिलांना माहीतच नसते, आणि त्यामुळे त्यांची प्रार्थनाही अंधूक राहते.

कोणी तुम्हाला आपणहून विचारले की तू असा का वागतोस, तर नम्रतेने, खरे आणि थोडक्यात उत्तर द्या. वाद घालू नका, पुस्तिका वाटू नका. यात घाबरटपणा नाही. पाहुण्याने यजमानाच्या घराचा नियम पाळावा, यात त्याच्या श्रद्धेला कमीपणा येत नाही.

राहिला कराराचा प्रश्न. परत येणे म्हणजे पाचारणात हरणे आणि थांबणे म्हणजे विश्वासूपणा, असे समीकरण कृपया मांडू नका. उलटेही मांडू नका. कर्ज किती उरले आहे, वडिलांच्या तब्येतीला घरी माणूस लागतो का, आणि तुमचे काम अजून शिकण्याजोगे आहे की तेच ते होत आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि वडिलांबरोबर व तुमच्या पाळकांबरोबर फोनवर वाचा. मे महिन्यात 45 अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या नागपुरात चांगल्या एसी कारागिराला काम कमी नाही, बुटीबोरी आणि मिहान या औद्योगिक भागांतही त्याला मागणी आहे, त्यामुळे पोटाच्या भीतीने थांबण्याची गरज तुम्हाला नसावी. निर्णय कोणताही होवो, नूतनीकरणाच्या कागदावर सही करण्याआधी पगार आणि सुट्टीच्या अटी लेखी घ्या, आणि परतायचे ठरले तर तिथून निघण्यापूर्वीच कंपनीकडून अनुभवाचा दाखला मागून ठेवा. नंतर तो मिळवणे फार कठीण जाते.