मधुमेहाच्या क्लिनिकल ट्रायलवर (रुग्णांवर होणाऱ्या उपचार-चाचणीवर) नवीन आहेस? आधी एवढं सांभाळ

अभिनंदन! आकडेशास्त्राच्या मागे आत्ताच लागू नको, ते येतं हळूहळू.

- संमतीपत्रावर सही घेण्याची घाई नवखे हमखास करतात. गडचिरोलीहून नागपूरला आलेल्या आजींना मराठीत नीट समजाव, मग त्यांनाच विचार, "आता तुम्ही सांगा, काय काय होणार आहे?" सही झालेल्या संमतीपत्राची एक प्रत त्यांच्या हातात द्यायची.
- रक्त द्यायला उपाशीपोटी म्हणजे किमान 8 तास, फक्त पाणी. चहाचं वेगळं विचार. आपल्याकडे चहा कोणी खाण्यात धरतच नाही. (तर्री-पोहे खाऊन आलेला वासावरूनच कळतो!)
- एचबीए1सी ही रक्तचाचणी साधारण मागच्या 2-3 महिन्यांची सरासरी साखर सांगते. पण विदर्भात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) बरंच आहे आणि त्यात हा आकडा फसवतो. कधीकधी रिपोर्ट छान दिसतो, साखर मात्र चढलेलीच असते. म्हणून सिकलसेलबद्दल पहिल्याच भेटीत विचार, नोंदव, डॉक्टरांना दाखव.

रक्ताच्या नळ्या: ग्लुकोजला करडं झाकण, एचबीए1सीला जांभळं. नोंद जागच्या जागी, पेननेच. चुकलं तर एक रेघ, सही, तारीख. व्हाइटनर अजिबात नाही. आणि एथिक्स कमिटीची मंजुरी, सीटीआरआयमध्ये (ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी झाल्याशिवाय पहिला रुग्ण घ्यायचा नाही. बाकीचं काम करता करता विचारत जा.