‘बेगम’मध्ये गम नाही

विचारणा अशी: ‘बेगम’ म्हणजे ‘बे-गम’, जिला दुःख ठाऊक नाही ती, हे खरं का?

नाही. मुशायऱ्यात टाळ्या घ्यायला ठीक आहे, पण व्युत्पत्ती म्हणून हे ऐकून ऐकून कान किटले. फारसी लिपीत दोन्ही शब्द लिहून बघा: दुःखाच्या ‘गम’ला गैन, ‘बेगम’ला गाफ. अक्षरंच वेगळी. ‘बे-गम’ हवाच असेल तर तो आपल्या ‘बेगमी’त आहे, पावसाळ्याची बेगमी झाली की घोर मिटला. ‘बेगम’ मात्र तुर्की. ‘बेग’ला ‘माझा’ या अर्थाचा प्रत्यय लागला, जसा ‘खान’ला लागून ‘खानुम’ झालं.

खरी मजा ‘बेग’मध्ये. मंगोलियातल्या, जुन्या तुर्कीत कोरलेल्या आठव्या शतकातल्या ओरखोन शिलालेखांत तो टोळीचा सरदार म्हणून भेटतो. तिथे आला कुठून, यावर पंडितांची जुंपलेली आहे. जेरार्ड क्लॉसन यांनी जुन्या तुर्कीच्या १९७२च्या कोशात तो चिनी ठरवला: ‘पो’, शंभर माणसांचा नाईक. तुर्कीचे दुसरे अभ्यासक डोअर्फर म्हणतात, तुर्कांचा स्वतःचाच असू शकेल. ‘असू शकेल’ हे काय उत्तर झालं?

मला पटतो तो इराणी ‘बग’. प्राचीन इराणचा सम्राट दारयवहु (डरायस) आपल्या शिलालेखांत परमेश्वर अहुरमझ्दाला ‘बग’, म्हणजे देव, म्हणतो. त्याचा शिलालेख जिथे आहे ते बेहिस्तून हे मुळात ‘बगस्तान’, देवांचं ठिकाण. आणि हाच आपला ‘भग’! आदित्यांपैकी एक, भगवंतातला, भाग्यातला. धातू ‘भज्’, वाटून देणं. वाटणी ज्याच्या हाती तो धनी. सोग्दी या मध्य आशियातल्या जुन्या इराणी भाषेत ‘बग’ देवालाही म्हणत, मालकालाही. आणि तुर्क खाकानांची, म्हणजे सम्राटांची, सुरुवातीची लिखापढी होती कुठल्या भाषेत? मंगोलियातल्या बुगुतच्या शिळेवर बघा, सोग्दी! देवाचा शब्द दरबारी कारकुनांच्या तोंडून सरदाराला चिकटला, एवढं साधं आहे.

स्वराची अडचण काढतात: ‘अ’चा ‘ए’कडे झुकणारा स्वर कसा झाला? आल्फोन्सोचा हापूस करणाऱ्यांनी तरी यावर अडून बसू नये.

चिनीवाल्यांसाठी एकच. ओरखोनच्याच शिलालेखांपैकी एका, तुर्क राजपुत्र कुल तिगिनच्या ७३२च्या शिळेवर त्याचा भाऊ बिल्गे खाकान करवादतो की तुर्क बेगांनी तुर्की पदव्या टाकल्या आणि चिनी घेतल्या. त्या वाक्यात ‘बेग’ हाच शब्द आहे. ‘पो’चा सिद्धांत मांडताना इथे निदान ठसका तरी लागायला हवा होता.